दुखण्यांतून उठलेलीं माणसें

सांथीच्या रोगांचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा दोनच रकाने आंखतात. एकांत मेलेल्यांची संख्या, दुसऱ्यांत बऱ्या झालेल्यांची. सरकारी अहवाल, नगरपालिकांचीं दप्तरें, वर्तमानपत्रांतील रोजचे तक्ते, या सर्वांची रचना हीच. आणि वाचणाऱ्याचा डोळाही सहजच पहिल्या रकान्याकडे वळतो. दुसऱ्या रकान्यांत ज्यांची गणना झाली तीं माणसें घरीं गेलीं, एवढें कळलें कीं इतिहासकाराची जिज्ञासा संपते. घरीं गेल्यावर तीं पूर्वींचींच माणसें राहिलीं काय, हा प्रश्न विचारण्याची चाल आपल्याकडे नव्हती, आणि खरें पाहतां ती कोठेंच फारशी नव्हती. प्रस्तुत लेखांत तोच प्रश्न घेतला आहे. आणि तो विचारावयास चिंचवडाइतकें योग्य गांव महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल.

चिंचवड म्हटलें कीं जुन्या वाचकास मोरया गोसावींची समाधि व पवनेचा घाट आठवतो, नव्या वाचकास कारखाने आठवतात. या दोहोंच्या मध्यें चापेकरांचा वाडा उभा आहे. दामोदर, बाळकृष्ण व वासुदेव हे तिघे बंधु येथलेच. १८९७ च्या आरंभीं पुण्यांत प्लेग बळावला, तेव्हां त्याचा बंदोबस्त वॉल्टर रँड या सनदी अधिकाऱ्याच्या हातीं देण्यांत आला. गोऱ्या शिपायांच्या टोळ्या घरांत शिरून रोगी हुडकीत; संशय आला कीं रोग्यास इस्पितळांत आणि घरच्यांस छावणींत नेत. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर जें घडलें तें आणि त्यानंतरच्या फांशा, १८ एप्रिल १८९८ रोजीं दामोदराची व पुढें १८९९ च्या मे महिन्यांत धाकट्या दोघां भावांची, हा इतिहास सर्वश्रुत आहे. तो येथें पुन्हां सांगण्याचें प्रयोजन नाहीं.

आम्हांस लक्ष वेधावयाचें आहे तें लोकांच्या तक्रारींकडे. सोवळें मोडलें, देव्हारे बाटले, स्त्रियांची विटंबना झाली, या तक्रारी पुष्कळांनीं लिहून ठेविल्या आहेत. त्यांच्या जोडीस आणखी एक तक्रार होती. ती इतकी घरगुती कीं तिला राजकारणांत फारसा मान मिळाला नाहीं. आपलें माणूस परक्यांच्या हातीं गेलें, त्याच्या उशाशीं बसावयास घरचें कोणी नाहीं, ही ती तक्रार. अधिकाऱ्यांस ती अडाणीपणाची वाटली. गांठीचा प्लेग उंदरांवरील पिसवांमुळें पसरतो हें सीमाँद या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ त मांडलें. तेव्हां माणसांना माणसांपासून तोडण्याच्या त्या खटाटोपाचा उपयोग किती झाला हा वादाचाच विषय आहे. त्याच सांथींत रोग्यांची शुश्रूषा करतांना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजीं निवर्तल्या, हेंही विसरतां येत नाहीं. उशाशीं बसण्याची किंमत कधीं कधीं प्राणानें द्यावी लागे. तरीही ती घरगुती तक्रार निव्वळ अडाणीपणाची नव्हती. हें कळून यावयास सव्वाशें वर्षें जावीं लागलीं, आणि तें कसें कळलें याचाच हा वृत्तांत आहे.

मराठींत एक जुना शब्द आहे : तापांत ‘वात होणें’. वैद्य त्यास सन्निपात म्हणत. ताप चढला कीं माणूस बरळूं लागतें, अंथरुणावरून उठून पळूं पाहतें, समोर नसलेलीं माणसें त्यास दिसतात व समोर असलेलीं ओळखूं येत नाहींत. प्लेगांत हें लक्षण फार आढळे. मुदतीच्या तापांतही आढळे. अशा रोग्याजवळ घरांतली एखादी आजी रात्रभर बसे. कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवी, दिवा मालवूं देत नसे, आणि घडोघडी त्यास नांवानें हांक मारून ‘तूं घरींच आहेस, मी इथें बसलें आहें’ असें सांगत राही. तिच्या या करणीनें रोग बरा होत नसे, आणि पुष्कळ रोगी तिच्या डोळ्यांदेखत जात. जुन्या घरगुती शुश्रूषेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. पण रोग्याचें मन कोठें तरी भरकटलें आहे व त्यास वाट दाखविली पाहिजे, एवढें तिला कळत होतें. जें तिलाही कळत नसे तें पुढचें. ताप उतरला, वात गेला, माणूस जेवूं लागलें, कीं सारें संपलें अशी समजूत. मग वर्षभरानें त्याच माणसाचा हिशेब चुकूं लागला, लहानसहान गोष्टींवरून तें चिडूं लागलें, कीं ‘दुखण्यानें खचलें’ किंवा ‘डोक्यावर परिणाम झाला’ असें म्हणून घर गप्प बसे.

या स्थितींत पालट झाला तो औषधांनीं व यंत्रांनीं. आणि गंमत अशी कीं त्या पालटाचा एक धागा चिंचवडाच्या शेजारींच सांपडतो. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचें त्यास साहाय्य होतें, आणि पुढील वर्षीं तेथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें. रक्तांत विष भिनून जो रोगी पूर्वीं चार दिवसांत संपावयाचा, तो आतां जगूं लागला. जगूं लागला, म्हणजे त्याच्या पुढच्या आयुष्याचा प्रश्न उत्पन्न झाला. प्राण वांचविण्याच्या प्रत्येक नव्या युक्तीबरोबर, पूर्वीं जगांत नव्हताच असा वांचलेल्या माणसांचा एक वर्ग निर्माण होत जातो.

त्याच सुमारास दुसरा धागा दूर डेन्मार्कांत विणला जात होता. १९५२ च्या उन्हाळ्यांत कोपनहेगन शहरांत पोलिओची भयंकर सांथ आली. ब्लेगडॅम इस्पितळांत श्वासाचे स्नायु लुळे पडलेले रोगी इतके येऊं लागले कीं त्यांना श्वास देणाऱ्या लोखंडी पेट्या पुरेनात. २७ ऑगस्ट रोजीं ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानें एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्यांत छिद्र करवून नळी बसविली, आणि रबराची पिशवी हातानें दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरली. मुलगी वांचली. मग त्याच रीतीनें शेंकडों रोग्यांस जगविण्यासाठीं वैद्यकाचे व दंतवैद्यकाचे मिळून सुमारें दीड हजार विद्यार्थी बोलाविण्यांत आले. ते पाळ्या लावून रोग्यांच्या उशाशीं बसत व रात्रंदिवस पिशवी दाबीत. पूर्वीं अशा रोग्यांपैकीं शंभरांत ऐंशींहून अधिक दगावत. तें प्रमाण सुमारें निम्म्यावर आलें. पुढच्या वर्षीं इब्सेननें तशाच अत्यवस्थ रोग्यांसाठीं स्वतंत्र विभाग काढला, आणि आज ज्यास आपण अतिदक्षता विभाग म्हणतों त्याचा उगम बहुतेक इतिहासकार तेथेंच मानतात.

त्या विद्यार्थ्यांविषयीं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ते नुसती पिशवी दाबीत नव्हते. रोगी बहुतेक मुलें. शुद्धीवर असलेलीं, पण बोलतां न येणारीं. विद्यार्थी त्यांना गोष्टी वाचून दाखवीत, त्यांच्याशीं खेळत, डोळ्यांच्या खुणांवरून त्यांचें मनोगत ओळखीत. म्हणजे अतिदक्षतेचा जन्म झाला तेव्हां प्रत्येक श्वासामागें एक जागें माणूस होतें. पुढें हाताच्या जागीं यंत्र आलें, तें योग्यच झालें. कारण हात थकतो आणि दीड हजार विद्यार्थी प्रत्येक गांवांत मिळत नाहींत. पण यंत्राचा श्वास रोग्याच्या श्वासाशीं जुळेना. रोगी झगडे, म्हणून त्यास गुंगीचीं औषधें देऊन निपचित ठेवण्याची पद्धति रूढ झाली. निपचित रोग्याशीं कोण बोलणार ?

आपल्याकडे हीं केंद्रें १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईंत सुरूं झालीं. धनुर्वातासारख्या रोगानें आंवळलेल्या रोग्यास आठवडेच्या आठवडे श्वासयंत्रावर ठेवून परत आणण्याचें डॉ. फरोख उदवाडिया यांनीं जे. जे. रुग्णालयांत केलेलें काम या इतिहासांतील एक मानाचें प्रकरण आहे. १९९३ सालीं या शाखेच्या डॉक्टरांची अखिल भारतीय संस्था मुंबईंतच स्थापन झाली. चिंचवडास २००६ सालीं आदित्य बिर्ला स्मारक रुग्णालय निघालें. पिंपरीस महापालिकेचें यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय त्यापूर्वींपासून होतेंच. रात्रपाळीहून परततांना महामार्गावर चिरडलेला तरुण, हृदय बंद पडलेला फोरमन, विषारी तापाची बाळंतीण, अशीं माणसें या विभागांतून परत येऊं लागलीं. तीं परत आलीं याचा आनंद एवढा मोठा असे कीं पुढचें विचारणें कृतघ्नपणाचें वाटावें.

डॉक्टरांना हें इतकीं वर्षें दिसलें कसें नाहीं, असें वाचकास वाटेल. त्याचें कारण साधें आहे. अतिदक्षता विभागाचा डॉक्टर रोग्यास बिछान्यावर पाहतो; तो चालूं लागला कीं दुसऱ्या डॉक्टराकडे जातो, आणि तो दुसरा त्याचें फुप्फुस अथवा मूत्रपिंड तपासतो. बाजाराचा हिशेब येतो काय, हें विचारणें कोणाचेंच काम नव्हतें. तें काम प्रथम थोड्या चिकाटीच्या माणसांनीं अंगावर घेतलें. १९९९ सालीं अमेरिकेंतील युटा संस्थानांत रमोना हॉपकिन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनीं, फुप्फुसें अकस्मात् निकामी होऊन वांचलेल्या ५५ रोग्यांची वर्षभरानंतर परीक्षा केली. स्मृति, एकाग्रता अथवा विचाराचा वेग यांपैकीं कांहीं ना कांहीं उणें पडलेले शेंकडा ७८ निघाले. २००३ सालीं कॅनडांतील टोरँटो येथें मार्गारेट हेरिज बाईंनीं १०९ जणांचा मागोवा घेतला, तेव्हां वर्षानंतर कामावर परतलेले निम्म्यांहून किंचित् कमीच आढळले. २०१० सालीं अमेरिकेंत भरलेल्या एका परिषदेनें या साऱ्या अवस्थेस ‘पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’ असें नांव दिलें. नांव अवजड आहे, पण त्यांत शरीर, बुद्धि व मन या तिहींची हानि एकत्र सांगितली आहे, आणि रोग्याच्या कुटुंबीयांस होणारा मनस्तापही त्यांत गणला आहे. हें शेवटलें आम्हांस विशेष महत्त्वाचें वाटतें.

सर्वांत मोठें संशोधन २०१३ सालीं प्रसिद्ध झालें. अमेरिकेंतील नॅशव्हिल येथील त्या निबंधावर पहिलें नांव डॉ. प्रतीक पंढरीपांडे यांचें आहे. आडनांव वाचून मराठी वाचकाचा डोळा क्षणभर थबकेल. ८२१ अत्यवस्थ रोगी त्यांत घेतले होते. त्यांपैकीं शेंकडा ७४ जणांस इस्पितळांत असतां भ्रम झाला, म्हणजे आपल्या भाषेंत ‘वात झाला’. जे जगले त्यांची तीन महिन्यांनीं व पुन्हां वर्षानें बुद्धीची परीक्षा घेण्यांत आली. तीन महिन्यांनीं शेंकडा ४० जणांची बुद्धि, डोक्यास मध्यम स्वरूपाची इजा झालेल्या माणसाच्या पातळीवर उतरलेली होती. शेंकडा २६ जणांची अल्झायमरच्या सौम्य अवस्थेइतकी. वर्ष लोटलें तरी हे आंकडे ३४ व २४ येथवरच उतरले. आणि ही हानि म्हाताऱ्यांपुरती नव्हती, तरुणांतही तितकीच होती. ज्याचा भ्रम जितके अधिक दिवस टिकला त्याची बुद्धि तितकी अधिक खालावलेली आढळली. आजीनें पाहिलेला वात हा ताप उतरतांच निघून जाणारा पाहुणा नव्हता.

ही हानि होते कशानें, याचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. रक्तांतील प्राणवायु कमी पडणें, सर्वांगांत उसळलेला दाह मेंदूपर्यंत पोंचणें, गुंगीच्या औषधांचा भार, झोंपेचा नाश, दिवसरात्रींचा विसर, हीं सारीं कारणें एकांत एक गुंतलेलीं असतात. मनाची जखम याहून निराळी. इंग्लंडांत क्रिस्टीना जोन्स व त्यांचे सहकारी यांनीं २००१ सालीं असें दाखविलें कीं या विभागांतून आलेल्यांस खरें घडलेलें पुष्कळदां आठवतच नाहीं. आठवतात तीं भ्रमांत पाहिलेलीं दृश्यें. परिचारिका विष देत आहेत, आपणांस कैदेंत घातलें आहे, बिछाना जहाजावर आहे, अशीं तीं दृश्यें असतात. खऱ्या आठवणींचा आधार नसतां नुसतीं हींच दृश्यें ज्यांच्यापाशीं उरलीं त्यांस पुढें भयाचा विकार अधिक जडला. असा माणूस घरीं येऊन हें कोणास सांगत नाहीं. ज्या परिचारिकेनें जीव वांचविला तिनें आपणांस मारावयाचा घाट घातला होता असें सांगावें कसें ? लोक वेडा म्हणतील, ही भीति. आणि तीहून मोठी भीति ही कीं लोक म्हणतील तें खरेंच असेल.

चिंचवडाच्या संदर्भांत बुद्धीची हानि म्हणजे काय, हें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. ही विस्मृति नांव-गांव विसरण्याची नव्हे. गप्पांत असा माणूस पूर्वींसारखाच वाटतो. पण चार कामें एकापुढें एक लावणें, एक करीत असतां दुसरें ध्यानांत ठेवणें, चूक होतांच सांवरणें, ही जी मनाची मुकादमी आहे ती ढिली पडते. लेथवर वीस वर्षें काम केलेला कारागीर घ्या. नकाशा त्यास वाचतां येतो, हत्यारेंही तींच. पण कोणतें माप घेऊन झालें व कोणतें राहिलें हें निसटतें. दुपारीं डोकें जड होतें. एक सुटा भाग वाया जातो, मग दुसरा. वरिष्ठास वाटतें, हा आतां टाळाटाळ करतो. बायकोस वाटतें, यांचें लक्ष संसारांतून उडालें. आणि त्यास स्वतःस काय वाटतें तें तो बोलत नाहीं. १९४८ च्या कायद्यापासून चालत आलेल्या कामगार विमा योजनेंत साध्या आजारपणाचा भत्ता वर्षांत ९१ दिवसांपर्यंत मिळतो. त्याहून लांब मुदत ठराविक यादींतल्या रोगांपुरतीच. ९१ दिवस म्हणजे तीन महिने. पंढरीपांड्यांच्या निबंधांतील पहिली परीक्षा नेमकी त्याच सुमारास झाली होती, आणि तेव्हां शंभरांतले चाळीस जण कोठें होते तें वर सांगितलें आहे. कंत्राटी कामगारास तर एवढीही उसंत बहुधा मिळत नाहीं.

मग २०२० साल उजाडलें. मार्चमध्यें पिंपरी-चिंचवडांत करोनाचे रोगी सांपडले. ऑगस्टांत नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर क्रीडांगणावर मांडव घालून ‘जंबो’ रुग्णालय उभारण्यांत आलें. चिंचवडांत जेथें यंत्रांचीं प्रदर्शनें भरत त्या ऑटो क्लस्टरच्या दालनांतही खाटा पडल्या. यंत्रांच्या नगरींत श्वासयंत्रांची वाण पडावी असे ते दिवस होते. त्या वेळीं डॉक्टरांनीं व परिचारिकांनीं जें केलें त्यास तोड नाहीं, हें प्रथम नमूद केलें पाहिजे. परंतु अतिदक्षता विभाग सुधारावयाचे म्हणून गेल्या वीस वर्षांत जें जें कष्टानें शिकलें गेलें होतें, तें तें त्या धांवपळींत जगभर बाजूस पडलें. गुंगी पुन्हां खोल झाली. शुश्रूषा करणारा पायांपासून डोक्यापर्यंत पांढऱ्या आवरणांत. चेहरा दिसावयाचा नाहीं, आवाज ओळखूं यावयाचा नाहीं. आणि नातलग फाटकाबाहेर. ते डबा घेऊन उभे राहात. आंत काय चाललें आहे हें त्यांस दिवसांतून एकदां दूरध्वनीवर कळे, कधीं तेंही कळत नसे.

जानेवारी २०२१ मध्यें ब्रेंडा पन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १४ देशांतील ६९ अतिदक्षता विभागांतल्या २,०८८ करोनाग्रस्तांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेंकडा ५५ जणांस भ्रम झाला होता. एका विशिष्ट वर्गांतलीं गुंगीचीं औषधें ज्यांस दिलीं गेलीं त्यांस तो अधिक झाला. आणि ज्यांस घरचीं माणसें भेटूं शकलीं, प्रत्यक्ष म्हणा अथवा दूरध्वनीच्या पडद्यावर म्हणा, त्यांस तो लक्षणीय कमी झाला. १८९७ त ज्या तक्रारीस अधिकाऱ्यांनीं कानाडोळा केला तिचें म्हणणें याहून फार निराळें नव्हतें. संसर्गाच्या दिवसांत फाटक बंद ठेवावें लागतें हें आम्ही जाणतों. पण फाटक बंद ठेवण्याचाही एक खर्च असतो, आणि तो आंतल्या रोग्याच्या बुद्धींतून वसूल होतो, हें त्या वेळीं हिशेबांत धरलें गेलें नाहीं.

उपायांचा विचार करूं लागलें तर चित्र अगदींच निराशेचें नाहीं. २००० सालीं शिकागोच्या डॉ. क्रेस यांनीं १२८ रोग्यांवर दाखवून दिलें कीं गुंगीचें औषध रोज कांहीं काळ थांबवून रोग्यास जागें केलें तर तो यंत्रावरून लवकर सुटतो. अशा रोग्यांस पुढें मनस्तापही अधिक होत नाहीं, हें त्यांनीं तीन वर्षांनीं सांगितलें. रोग्यास लवकर उठवून बसवावें व चालवावें, चष्मा व कानाचें यंत्र त्याच्याजवळ ठेवावें, भिंतीवर घड्याळ असावें, रात्रीं दिवे मंद करावे, घरच्यांस येऊं द्यावें, अशा गोष्टी आतां शास्त्राच्या पुस्तकांत आल्या आहेत. स्कॅन्डिनेव्हियांत परिचारिकांनीं एक सुंदर चाल पाडली. रोगी बेशुद्ध असतां त्याच्या उशाशीं वही ठेवावयाची, आणि आज काय झालें, कोण भेटावयास आलें, हें रोज साध्या भाषेंत लिहावयाचें; बरा झाल्यावर ती वही त्याच्या हातीं द्यावयाची, म्हणजे हरवलेले दिवस त्यास परत मिळतात. २०१० सालच्या एका युरोपीय प्रयोगांत अशी वही मिळालेल्यांत भयविकार शेंकडा ५ जणांस जडला, न मिळालेल्यांत १३ जणांस. पुढें २०१९ सालीं फ्रान्समध्यें त्याहून मोठा प्रयोग झाला, त्यांत मात्र असा फरक दिसून आला नाहीं. तेव्हां वही हें रामबाण औषध नव्हे. पण एक आण्याच्या वहीला जे गुण लागले नाहींत म्हणून तिला टाकून द्यावें, इतकें वैद्यकशास्त्र या बाबतींत श्रीमंत झालेलें नाहीं.

इस्पितळांतून निघतांना रोग्याच्या हातीं जो कागद पडतो त्यावर रोगाचें नांव असतें, गोळ्यांची यादी असते, पुन्हां दाखविण्याची तारीख असते. किती दिवस भ्रम होता, गुंगी किती दिवस दिली, हें त्यावर क्वचितच असतें. आणि पुढें सहा महिने हिशेबांत चुका होतील, चिडचिड होईल, रात्रीं दचकून जाग येईल, त्यास आळस अगर वेड समजूं नका, असें घरच्यांसाठीं लिहिलेलें तर त्याहून क्वचित्. हीं दोन-चार वाक्यें लिहावयास खर्च लागत नाहीं.

क्रीडांगणावरचा तो मांडव सांथ ओसरल्यावर उठला. ऑटो क्लस्टरच्या दालनांत पुन्हां यंत्रांचीं प्रदर्शनें भरूं लागलीं. खाटा किती, प्राणवायु किती, मेले किती, घरीं गेले किती, या नोंदी दप्तरांत आहेत व उद्यांच्या इतिहासकारास त्या मिळतील. घरीं गेलेल्यांचें पुढें काय झालें, हें त्याला त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावें लागेल. त्यांतले पुष्कळ जण अजून चिंचवड, थेरगांव, भोसरी येथें राहतात व सकाळच्या पाळीस कामावर जातात.